केसांच्या पॅचच्या पुढच्या कडेवरील चकाकीबद्दल आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि सोबतची तिन्ही छायाचित्रे मोठी करून पाहिली. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दादरच्या केंद्रात आपण नवा पॅच बसवून घेतला. रविवारी विलेपार्ल्यात मोठ्या बंधूंच्या साठीच्या कार्यक्रमात फोटोग्राफरचा दिवा समोर येताच कपाळावर पॅचच्या कडेने एक चमकती रेघ दिसू लागली, पुतण्याने चारचौघांत "काका, कपाळाला तेल लागलंय का?" असे विचारले, आणि आपण तेथूनच फोन केला तेव्हा आमच्याकडून "घाम असेल, पुसून घ्या" एवढेच उत्तर मिळाले, अशी आपली तक्रार आहे. पॅच चिकटवायला आम्ही हलक्या प्रतीचा गम वापरतो असा निष्कर्ष त्यावरून काढून आपण पॅचची पूर्ण किंमत परत मागितली आहे. तक्रार खरी आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सविस्तर लिहिणे भाग आहे. कारण तो खरा धरून आपण उद्या दुसरीकडे दुप्पट किमतीचा गम लावून घेतलात, तरी हीच रेघ पुन्हा दिसू शकेल.

आधी आमची चूक सांगते. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात डाव्या भुवईच्या वर, लेसची, म्हणजे पॅचचे केस ज्या बारीक जाळीत गुंफलेले असतात तिची, कड संपल्यानंतरही तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका गम कपाळावर उघडा राहिलेला स्पष्ट दिसतो. लेसच्या बाहेर गम अजिबात दिसता कामा नये. त्यानंतर मी त्या दिवसाची नोंदवही काढली. आपण ६ वाजून १० मिनिटांनी खुर्चीवर बसलात आणि ७ वाजता उठलात. त्वचा साफ करणे, गमचे थर वाळवणे, पॅच बसवणे आणि आपले केस पॅचच्या केसांत मिळवून कापणे, या सगळ्याला आमच्याकडे किमान दीड तास लागतो. पन्नास मिनिटांत ते झाले, याचा अर्थ वाळवण्याच्या वेळेला कात्री लागली. त्या दिवशी पाऊस सकाळपासून लागून राहिला होता, बाहेर तीन ग्राहक थांबले होते, आणि आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने चार पातळ थरांऐवजी एकच जाड थर देऊन काम उरकले. त्याने ते माझ्यापाशी कबूलही केले आहे. मात्र जागेवर त्याचे काम तपासणे ही माझी जबाबदारी होती, आणि मी ती पार पाडली नाही.

आता गमविषयी. आम्ही लेससाठी पाण्यावर आधारलेला ॲक्रिलिक गम वापरतो. ओला असताना तो दुधासारखा पांढरा असतो आणि त्यातील पाणी उडून गेले की पारदर्शक होतो. असा कोणताही गम, स्वस्त असो वा महाग, वाळल्यावर गुळगुळीत पापुद्रा धरतो. आपल्या त्वचेवर रंध्रे आणि बारीक रेषा असतात, म्हणून तिच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. गुळगुळीत पापुद्रा तोच प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला परत पाठवतो. घरातील ट्यूबलाइट डोक्यावर असते, त्यामुळे आरशात पाहताना ती चमक सहसा डोळ्यांत येत नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून येतो आणि समोरच परततो. शुक्रवारी रात्री घरी आपल्याला काहीच वावगे दिसले नाही आणि रविवारी सभागृहात ते सगळ्यांना दिसले, त्याचे कारण हेच असावे असे मला वाटते.

थर जाड असला की आणखी एक घोटाळा होतो. वरची साय वाळते आणि आत ओल राहते. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाणे नित्याचे आहे, आणि अशा हवेत पाणी उडून जायला वेळ लागतो. तरीही हाताला वरून चिकटपणा लागला की गम तयार झाला असे वाटते. मग त्यावर लेस दाबली की आतील ओला गम जाळीच्या छिद्रांतून वर येतो आणि कडेबाहेरही सरकतो. म्हणजे चकाकी दोन ठिकाणी तयार होते, एक जाळीच्या वर आणि एक जाळीच्या पुढे. आपल्या छायाचित्रांत दोन्ही आहेत. शिवाय पुढच्या कडेचे चार-सहा केस त्या गमात चिकटून आडवे झाले आहेत, त्यामुळे रेघ आहे त्याहून रुंद भासते.

यावर गमऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरावी असे आपण सुचवले आहे. टेपची जाडी सर्वत्र सारखी असते हे खरे, आणि मंद पृष्ठभागाची टेपही मिळते. परंतु लेसखाली टेप अगदी कडेपर्यंत नेली तर जाळीतून तिची सरळ धार दिसते, आणि मागे घेतली तर कड मोकळी राहून उचलली जाते. म्हणून पुढच्या बाजूला गम आणि बाजूंना व मागे टेप, हीच रचना मी आपल्यासाठी ठेवीन. आपण लेसऐवजी पातळ पॉलीचा बेस घ्यायला हवा होता का, असेही विचारले आहे. पॉलीचा बेस हा मुळात प्लास्टिकचा पापुद्रा असल्याने त्याला स्वतःचीच थोडी तकाकी असते, म्हणून आपली निवड चुकलेली नाही.

माझे वडील नाटकांसाठी केसांचे टोप करत. प्रयोगापूर्वी शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या रंगपटात बसून ते स्पिरिट गमने टोपाची कड कपाळाला चिकटवत आणि लगेच ओल्या मलमलचा घट्ट पिळलेला फडका तिच्यावर दाबत. कापडाची वीण त्या गमावर उमटली की तो चमकत नसे, आणि वर पावडरचा हात फिरवला की पहिल्या रांगेतील प्रेक्षकालाही कड समजत नसे. हे मी लहानपणापासून पाहिले, म्हणून व्यवसायाच्या सुरुवातीला मी ती युक्ती आजच्या गमावरही करून पाहिली आणि फसले. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. तिला पाण्याचे वावडे नसते. पाण्यावरचा गम मात्र पुरता मुरण्याआधी ओल लागली की पुन्हा पांढुरका होतो. वीण उमटवण्यामागचा विचार तेवढा मी ठेवला आणि ओले कापड सोडून दिले.

आमची ठरलेली पद्धत अशी आहे, आणि ती आपल्याबाबतीत पाळली गेली नाही. कपाळाची त्वचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल पूर्ण काढायचे, कारण तेलकट त्वचेवर गम नीट धरत नाही. नंतर गमचा इतका पातळ थर द्यायचा की खालची त्वचा त्यातून दिसत राहावी. तो पांढऱ्याचा पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय दुसऱ्या थराला हात लावायचा नाही. असे चार थर. शेवटचा थर ब्रशने ओढायचा नाही, टेकवत टेकवत द्यायचा, म्हणजे पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा राहतो. गम लेसच्या कडेच्या किंचित आत थांबवायचा. पॅच ठेवल्यावर तो बोटांनी न चोळता कंगव्याच्या पाठीने दाबायचा, आणि शेवटी ग्राहकाला खिडकीपाशी नेऊन मोबाइलच्या फ्लॅशमध्ये समोरून एक छायाचित्र काढायचे. हे शेवटचे काम जेमतेम अर्ध्या मिनिटाचे आहे, आणि ते त्या शुक्रवारी झाले असते तर मला हे उत्तर लिहावे लागले नसते.

फोनवर मिळालेल्या उत्तराबद्दल मी आपली क्षमा मागते. ते उत्तर अपुरे होते आणि घातकही होते, कारण रुमालाने चोळल्याने कड सैल होते आणि केस गमात आणखी रुतून बसतात. आपण नंतर टाल्कम पावडर लावलीत आणि रेघ पांढरी दिसू लागली, यात आपला काही दोष नाही. घामात ती पावडर कालवली जाते आणि तिचा लेप होतो. आपण येईपर्यंतच्या दिवसांसाठी एवढे करावे. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून चांगली निथळू द्यावी आणि लेसच्या बाहेर राहिलेला गमच तेवढा, कडेपासून भुवईच्या दिशेने, हलकेच पुसावा. उलट दिशेने पुसल्यास अल्कोहोल लेसखाली शिरून पॅच सुटेल. डोळे मिटलेले असावेत, आणि हे काम देवघरातील समईजवळ किंवा गॅसजवळ करू नये, कारण ते द्रव्य चटकन पेट घेते. कड कोरडी झाली की मेकअपच्या दुकानात मिळणारी रंगहीन सैल पावडर मऊ ब्रशवर घेऊन, ब्रश झटकून, नुसती टेकवावी. जाळीच्या वर आलेल्या गमाला मात्र घरी हात लावू नये. तो पॅच उतरवूनच काढावा लागतो.

पैशांबाबत स्पष्ट लिहिते. बसवण्याचे काम सदोष झाले, म्हणून त्याचे शुल्क पूर्ण परत केले जाईल आणि पॅच पुन्हा बसवून देण्याचे काही घेतले जाणार नाही. पॅचची किंमत मात्र मी परत करू शकत नाही, कारण लेस आणि केस दोन्ही ठीक आहेत. गम उतरवल्यावर तसे आढळले नाही, जाळी कुठे फाटलेली किंवा केस निघालेले दिसले, तर पॅच बदलून देईन. ते आपल्यासमोर, आपल्या हातात भिंग देऊन पाहू.

येत्या मंगळवारी सकाळी ११ ची वेळ आपल्यासाठी राखून ठेवली आहे आणि त्यानंतरचे दोन तास दुसऱ्या कोणालाही दिलेले नाहीत. काम मी स्वतः करीन. येताना कपाळाला क्रीम किंवा तेल लावू नये, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एखादा कार्यक्रम, व्यायाम किंवा पोहणे ठरवू नये, कारण पहिले २४ तास गमला पाणी आणि फार घाम लागता कामा नये. पाऊस असल्यास छत्री सोबत असू द्यावी. स्टेशनपासून आमच्या दारापर्यंत आडोसा नाही.