शिपाई नसेल तर पाणी नाही

माझी भाची आठवीत आहे. ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिवसाला भाषण करायचंय म्हणून तिने वही माझ्यापुढे धरली. पहिलंच वाक्य होतं, ‘साताऱ्याच्या हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना जातिभेद कधी जाणवलाच नाही, कारण गुरुजी त्यांना आपल्या डब्यातलं जेवण देत.’ कुठून घेतलंस, विचारलं. म्हणाली, "आजीच्या फोनवर आलं होतं, मामा." म्हणजे माझ्याच आईच्या. तोच मेसेज मग मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. तीच चार वाक्यं, खाली ‘पुढे पाठवा’. मोठी माणसं न वाचता पुढे ढकलतात आणि तेराचौदा वर्षांची पोरगी ते स्टेजवरून खरं म्हणून सांगणार. म्हणून लिहायला बसलो.

‘७ नोव्हेंबर हा बाबासाहेबांचा जन्मदिवस.’ नाही. जन्म १४ एप्रिल १८९१. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात घातलं गेलं. पहिली इंग्रजीत. हेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकाला ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे आणि समोर त्या पोराची सही. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं.

‘शाळा मिशनऱ्यांची होती.’ सरकारी होती, आज जिल्हा परिषदेची आहे.

‘मॅट्रिक तिथूनच झाले.’ १९०४ मध्ये घर मुंबईला हललं. मॅट्रिक १९०७ मध्ये, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून.

आता मुख्य मुद्दा. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण गुरुजी तिथे होते, ते मधल्या सुट्टीत आपल्यातली भाजी-भाकरी या पोराला देत, आणि आंबावडेकरचं आंबेडकर त्यांनीच केलं, असं चरित्रांत आहे. आडनावाबद्दल वाद आहेत, पण गुरुजींचं प्रेम खरं होतं आणि बाबासाहेब ते कधी विसरले नाहीत. इतकं मान्य. पण एका मास्तरांच्या भाकरीवरून अख्ख्या शाळेला प्रशस्तिपत्र कसं देता?

त्या शाळेत काय चालायचं हे दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९०१ मधल्या एका प्रवासाची गोष्ट सांगताना, त्याआधीच शाळेत काय सोसावं लागलं होतं ते त्यात येतं. वर्गात नंबराप्रमाणे बसायची सोय त्यांना नव्हती, कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला गोणपाटाचा एक तुकडा. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावत नसे, म्हणून तो बाबासाहेबांनीच रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. नऊदहा वर्षांच्या पोराच्या काखेत पाटीपुस्तकांबरोबर ते गोणपाट डोळ्यांपुढे आणा. तहान लागली की बाकीची मुलं मास्तरांना विचारून नळावर जात, तोटी सोडून पाणी पीत. यांना मास्तरांची परवानगी पुरत नव्हती. नळाला हात लावायचा नाही, तोटी सोडायला शिपाई हवा. शिपाई जागेवर नसला तर तहानलेलंच बसायचं. शिपाई नाही तर पाणी नाही, असं त्यांनी एका ओळीत लिहिलंय.

भाकरी देणारे गुरुजी होते, म्हणून नळ मोकळा झाला नाही. मेसेजने भाकरी ठेवली आणि नळ पुसला, याची मला चीड येते. शाळेतलं गोणपाट लपवून त्या शाळेचा मान वाढतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते रजिस्टर पुन्हा बघावं. ज्याला कोपऱ्यात बसवलं, त्याच्याच सहीसाठी लोक आज ते बघायला जातात.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "गोणपाट रोज घरी न्यायचं?" मेसेज तिने ग्रुपवरून काढून टाकला. भाचीने वहीतलं पहिलं वाक्य खोडलंय. गुरुजींची भाकरी तिच्या भाषणात आहेच, पण सुरुवात आता नळापासून होते.