‘अ‍ॅलर्जीत अ‍ॅकॅडमिक करिअर नसतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की रेसिडेंट डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. कोणती शाखा घ्यावी, कोणती टाळावी, असा त्याचा सूर. अ‍ॅलर्जी आणि क्लिनिकल इम्युनॉलॉजी, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची शाखा, हिच्याबद्दल त्यात पाच वाक्यं आहेत. ही सुया टोचायची शाखा, यात विज्ञान नाही. संशोधन पीएचडीवाले करतात, डॉक्टर फक्त पेशंट पुरवतो. या आजारांनी कुणी मरत नाही, म्हणून याला निधी नाही. भारतात हे शिकायची सोयच नाही. आणि शेवटचं, प्राध्यापकीवर घर चालत नाही.

मी बालरोग विभागात शिकवते. यंदा आमच्याच एका रेसिडेंट मुलीनं वॉर्डाच्या दारात मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “मॅडम, हे खरं आहे का हो?” राउंड चालू होता, तेव्हा दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं. ते पूर्ण करते, कारण हा मेसेज वाचून चांगली मुलं या वाटेला जायचं सोडतात आणि त्याची किंमत आमच्या ओपीडीत दिसते.

आधी त्या सुईबद्दल. स्किन प्रिक टेस्ट बघायला अगदी साधी आहे. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करायच्या, प्रत्येक खुणेशी एक थेंब ठेवायचा: धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्याचा, परागकणांचा, झुरळाचा, शेंगदाण्याचा. तुलनेसाठी एक थेंब हिस्टामिनचा, ज्यानं गांध उठतेच, आणि एक नुसत्या सलाइनचा, ज्यानं ती उठत नाही. प्रत्येक थेंबातून लॅन्सेटची हलकी टोच, रक्त येता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी डास चावल्यासारखी गांध उठते, ती पट्टीनं मोजायची. सलाइनच्या टोचेपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह. इथवर कुणीही शिकेल. खरा प्रश्न पुढचा आहे. पॉझिटिव्ह टेस्ट म्हणजे आजार नव्हे. शरीरात त्या पदार्थाविरुद्ध आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड, तयार झालंय, एवढंच ती सांगते. तो पदार्थ खाल्ल्यावर मुलाला त्रास होतो की नाही, हे मुलाची कहाणी ऐकून ठरतं, आणि तरीही शंका राहिली तर देखरेखीखाली थोडं थोडं खाऊ घालून.

माझ्याकडे एक आई आली होती, हातात रक्ताच्या ‘अ‍ॅलर्जी पॅनेल’चा कित्येक पानी रिपोर्ट. दूध, गहू, अंडं, डाळी, जिथे जिथे लाल खूण तिथे तिथे तिनं बंद केलेलं. दीड वर्षाच्या मुलाचं वजन चार महिन्यांत तसूभरही वाढलेलं नव्हतं. विचारलं, दूध प्यायल्यावर काय व्हायचं? ती म्हणाली, “काही नाही, रिपोर्टमध्ये आलं म्हणून बंद केलं.” आम्ही त्याला सकाळी भरती केलं, तीव्र अ‍ॅलर्जी आलीच तर द्यायच्या अ‍ॅड्रेनलिनची कुपी आणि सिरिंज बाजूला भरून ठेवली आणि दर वीस मिनिटांनी वाढतं दूध दिलं. दुपारपर्यंत त्यानं कप संपवला आणि झोपून गेला. टेस्ट आणि आजार यांच्यातलं हे अंतर मोजणं हे विज्ञान आहे, आणि ते अवघड आहे.

आता दुसरा मुद्दा, ज्यावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. संशोधन डॉक्टरांचं काम नाही म्हणे. आधी यातलं खरं तेवढं मान्य करते. आयजीई सापडलं ते प्रयोगशाळेत. १९६६ च्या सुमाराला अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्यानं, आणि स्वीडनमध्ये उप्सालाला योहान्सन आणि बेनिख यांनी स्वतंत्रपणे. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला आयजीई हे नाव मिळालं. प्रयोगशाळेशिवाय ही शाखा आंधळी राहिली असती. पण काय शोधायचं हा प्रश्न या शाखेत वारंवार तपासणीच्या खोलीतून आला आहे.

शेंगदाण्याची गोष्ट घ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली सल्ला दिला होता की ज्या बाळांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त, त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. ब्रिटनमध्येही टाळण्याचाच सल्ला होता. तरी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वाढतच होती. लंडनचे गिडिऑन लॅक हे मुलांचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ. ते इस्रायलला व्याख्यानाला गेले असताना समोर बसलेल्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, गेल्या वर्षभरात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल कुणी कुणी पाहिलं? ब्रिटनमध्ये हा प्रश्न विचारला असता तर जवळजवळ सगळे हात वर गेले असते. तिथे दोन-तीनच गेले. हा प्रश्न ज्याच्या ओपीडीत रोज अशी मुलं येतात त्यालाच सुचू शकतो. मग त्यांनी आणि जॉर्ज ड्यु टॉइट यांनी ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये ही अ‍ॅलर्जी जवळजवळ दहा पट निघाली. वंश सारखा, फरक खाण्यात. इस्रायलमधली बाळं दात यायच्या वयापासून ‘बांबा’ नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खातात.

तिथे थांबले असते तर ती नुसती एक गमतीची नोंद राहिली असती. त्यांनी ४ ते ११ महिन्यांची, तीव्र एक्झिमा (त्वचेचा खाजरा दाह) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, अर्ध्यांना शेंगदाणा खायला दिला, अर्ध्यांना वर्ज्य केला आणि पाच वर्षांची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. सुरुवातीला ज्यांची स्किन टेस्ट निगेटिव्ह होती, त्यांच्यात शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि दोन वर्षांत अमेरिकेचं अधिकृत मार्गदर्शन उलटं झालं. कोणतं बाळ कोणत्या गटात बसतं आणि कुणाला घ्यायचंच नाही, हे त्या अभ्यासात कशानं ठरवलं? त्याच टोचेनं उठलेली गांध किती मिलिमीटरची, त्यानं.

दुसरं उदाहरण मला वर्गात सांगायला फार आवडतं. सेटुक्सिमॅब हे कॅन्सरवरचं औषध. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात, पहिल्याच डोसला पेशंट अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये जायचे, इतरत्र क्वचितच. औषध आधी कधीच दिलेलं नाही, तर अ‍ॅलर्जी आली कुठून? व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉक्टर थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की या पेशंटच्या रक्तात अल्फा-गॅल नावाच्या साखरेविरुद्धचं आयजीई औषध देण्याआधीच होतं. ही साखर गाय, बकरी, डुक्कर यांच्या शरीरात असते, माणसाच्या नसते. तेव्हाच त्यांच्या दवाखान्यात वेगळीच तक्रार घेऊन लोक येत होते: रात्री मटण किंवा बीफ खाल्लं, आणि तीन-चार तासांनी, झोपेत, अंगभर पित्त उठलं. अन्नाची अ‍ॅलर्जी मिनिटांत दिसते असं सगळ्यांनी शिकलेलं, त्यामुळे या लोकांवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. प्लॅट्स-मिल्स यांनी ठेवला. २००७ च्या उन्हाळ्यात ते स्वतः डोंगरात फिरायला गेले आणि गोचिडीची बारीक पिल्लं त्यांच्या पायांना ढिगानं चावली. त्यांनी आपलंच रक्त तपासत ठेवलं, अल्फा-गॅलचं आयजीई चढताना पाहिलं, आणि काही महिन्यांनी एका रात्रीच्या जेवणात मेंढीचं मटण खाल्ल्यावर मध्यरात्री पित्तानं जागे झाले. गोचीड चावण्यातून मांसाची अ‍ॅलर्जी होते, हे असं उलगडलं. हा माणूस प्राध्यापक आहे, रॉयल सोसायटीचा फेलो आहे आणि आयुष्यभर पेशंट तपासत आला आहे.

अमेरिकेत या शाखेचं स्वतंत्र प्रमाणन मंडळ १९७१ पासून आहे. मेडिसिन किंवा बालरोगात तीन वर्षं, मग दोन वर्षांची फेलोशिप, आणि त्या दोन वर्षांतला साधारण चौथा हिस्सा संशोधनासाठी राखलेला. पुढे पेशंटवर आधारित संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी के-२३ सारखं अनुदान आहे. ते मिळालं तर कामाचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला द्यावाच लागतो, विभागप्रमुखाला तो ओपीडीत खर्च करता येत नाही. म्हणजे ही वाट बांधलेली आहे.

‘कुणी मरत नाही’ या वाक्यावर मी शांतपणे लिहू शकत नाही. सात महिन्यांचं एक बाळ आमच्याकडे आलं तेव्हा तीन ठिकाणी फिरून आलं होतं. जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, दिलेली, काखेत गाठ होऊन फुटलेली, वाहत होती. तोंडातला पांढरा थर कुठल्याही औषधाला दाद देत नव्हता. घरातलं पहिलं मूल ‘न्यूमोनियानं’ गेलेलं. आईच्या पिशवीत सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, चार कागद होते आणि चारही कागदांवर लिम्फोसाइट या प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी हजाराच्या आत. या वयात ते तीन हजारांच्या खाली गेले तरी डॉक्टरनं थबकायला हवं. आकडा पहिल्या दिवसापासून तिथे छापलेला होता, कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. बाळाला स्किड होता, म्हणजे जन्मजात प्रतिकारशक्तीच नव्हती, आणि बीसीजीचे जिवंत जंतू त्याच्या अंगभर पसरले होते. ते बाळ वाचलं नाही.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं नाही तर अशी बहुतेक मुलं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं २००८ साली नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून स्किड शोधायला सुरुवात केली आणि २०१८ अखेर पन्नासही राज्यं त्यात आली. निधीचं म्हणाल तर अमेरिकेच्या ज्या राष्ट्रीय संस्थेनं एड्सपासून कोविडपर्यंत संशोधन चालवलं, तिच्या नावात १९५५ पासून संसर्गजन्य रोगांच्या आधी अ‍ॅलर्जी हा शब्द आहे.

राहिला भारत. या मुद्द्यात निम्मं खरं आहे. क्लिनिकल इम्युनॉलॉजीचं डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी, लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये आहे, पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये आहे, वेल्लोरच्या सीएमसीत आहे, आणि चंदीगडच्या पीजीआयमध्ये खास मुलांसाठीचं आहे. पण बहुतेक ठिकाणी ते संधिवाताशी जोडलेलं असल्यानं दिवसाचा मोठा भाग ल्युपससारख्या आजारांत आणि सांध्यांत जातो. अ‍ॅलर्जी छातीच्या, त्वचेच्या, कान-नाक-घशाच्या आणि बालरोगाच्या विभागांत विखुरलेली आहे. जागा कमी आहेत, हेही खरं. पण जागा कमी आहेत त्या शिकवणारे कमी म्हणून, आणि शिकवणारे कमी राहतात ते असल्या मेसेजमुळेही.

विखुरलेलं असूनही काय झालंय ते पाहा. दम्याच्या पेशंटच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी होते, तिला एबीपीए म्हणतात. आपल्याकडे ती पुष्कळदा टीबी समजून महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खाऊ घातल्या जातात. तिच्या निदानाचे जगभर वापरले जाणारे निकष चंदीगडच्या पीजीआयमधले छातीरोगतज्ज्ञ रितेश अगरवाल यांच्या पुढाकारानं २०१३ साली मांडले गेले आणि २०२४ साली सुधारले गेले. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, रक्त आणि प्रतिकारशक्तीवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. देशभरातून जन्मजात प्रतिकारदोषाच्या संशयाचे नमुने तिथे येतात. अशा काही मुलांच्या शौचातून लशीतला पोलिओचा विषाणू दीर्घकाळ बाहेर पडत राहू शकतो. मुंबईत त्यावर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पोलिओ संपवलेल्या देशाला हे माहीत असणं किती गरजेचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

आणि आपल्या गाजर गवताला कसं विसरू? पन्नासच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आणि काही वर्षांत शेतकऱ्यांचे, मजुरांचे चेहरे, माना, कोपरांचे खळगे काळवंडून जाड होऊ लागले. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ लोणकर यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली त्यावर लिहिलं आणि या गवताची अ‍ॅलर्जी जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात गेली. डीएमची सोय नव्हती, पेशंट समोर होते.

पाचवा मुद्दा लवकर आटोपते. खासगी प्रॅक्टिसपेक्षा पगार कमी मिळतो, खूपच कमी. पण सरकारी महाविद्यालयात हृदयरोगाच्या प्राध्यापकाची आणि इम्युनॉलॉजीच्या प्राध्यापकाची वेतनश्रेणी वेगळी नसते. ही तक्रार प्राध्यापकीबद्दलची आहे, या शाखेबद्दलची नाही.

ज्या मुलीनं मला मोबाइल दाखवला, ती सध्या आमच्या लसीकरण ओपीडीची मागच्या पाच वर्षांची रजिस्टरं काढून बसली आहे. बीसीजीनंतर काखेत गाठ आलेल्या मुलांची यादी करते आहे, आणि ज्यांचे जुने कागद सापडतात त्यांच्या सीबीसीवरचा लिम्फोसाइटचा आकडा लाल पेनानं वेगळ्या रकान्यात उतरवते आहे. काल संध्याकाळपर्यंत एकतीस नावं झाली होती. त्यातल्या दोघांच्या घरी तिनं फोन केला आहे.