घरचे जेवण आणि घरातल्या बाईचे ताट : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

आपण नावाच्या जागी ‘एक निवृत्त शिक्षिका’ एवढेच लिहिले आहे, म्हणून बाई म्हणते. नोकरी करणाऱ्या आईने आहार, जीवनसत्त्वे आणि व्यायाम यांचा मेळ कसा घालावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याला धरून आहे. तिला दोन ओळींत वाटेला लावणे मला बरे वाटले नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे : आपल्या पिढीने घर, शाळा आणि मुले सांभाळली, पण गोळ्या कधी घेतल्या नाहीत, पोळी, भाजी, वरण, भात हा पूर्ण आहार असताना जीवनसत्त्वांच्या बाटल्या ही निव्वळ दुकानदारी आहे, दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम सांगणे हे चोचले आहेत, आणि ‘आईने आधी स्वतःचे ताट नीट वाढून घ्यावे’ हे माझे वाक्य मुलांवर चुकीचा संस्कार करणारे आहे.

घरच्या जेवणाच्या मोलाबद्दल माझे आपल्याशी भांडण नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, त्यात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अंगाने अधिक भरलेली असल्याचे आढळले. मेथी, माठ, पेरू आणि वाटीभर दूध यांचे काम कोणतीही बाटली करू शकत नाही, असे मीही म्हणेन. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. त्या शहरी नव्हत्या, त्यांचे अन्न डब्याबंद नव्हते आणि त्यांच्या अंगाला कष्टाची सवय होती. घरचे ताजे अन्न खाऊनही उणीव राहू शकते, हे त्यांच्याकडे पाहूनच लक्षात येते.

रक्तक्षयाची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. या पाहणीत बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन मोजतात आणि त्यामुळे आकडा फुगतो, असा आक्षेप काही तज्ज्ञ घेतात. तो पूर्ण मान्य केला आणि आकड्यातून बरेच वजा केले, तरी उरते ते लहान नाही. आपल्या आज्यांना यातले काही होत नव्हते, असे आपण म्हणता. बाई, आपल्याला आठवतात त्या म्हातारपणापर्यंत पोहोचलेल्या आज्या. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या अशक्तपणात गेलेल्या बायकांना नातवंडांनी पाहिलेच नाही, मग त्यांची प्रकृती कोणाला आठवणार? आणि ज्या राहिल्या, त्यांचे हिमोग्लोबिन कोणी मोजले होते?

आता ताटाकडे येते, कारण माझ्या लेखाचा गाभा तोच होता. पोळी, भाजी, वरण, भात हा आहार कागदावर चांगलाच आहे. प्रश्न आहे तो त्यातले बाईच्या वाट्याला काय आणि किती येते याचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुधारून दिलेल्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन पोळ्यांतून सहा-सात ग्रॅम, पातळ वरणाच्या वाटीतून चार-पाच, भातातून दोन-तीन आणि भाजीतून एक-दोन ग्रॅम धरली, तर एका जेवणाची बेरीज पंधरापर्यंत जाते. दोन जेवणे आणि चहातले दूध मिळून तिशीच्या थोडे पुढे, त्यातही सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि उरलेली पोळी. मुलांच्या डब्यात उसळ जाते, नवऱ्याच्या वाटीत दही जाते, आणि अचानक कोणी जेवायला आले की वरणात पाणी घालून ते पुरवले जाते व तेच शेवटी बसणारीच्या वाट्याला येते. ही तूट भरून काढायला महागडी पावडर लागत नाही. मूठभर फुटाणे, एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही यातले प्रत्येक पाच-सहा ग्रॅमची भर घालते. फक्त ते तिच्या नावाने बाजूला काढलेले असावे लागते. जाता जाता उपवासाबद्दलही लिहिते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, खिचडीला जो काही आधार आहे तो दाण्याच्या कुटाचा. उपवास सोडा असे मी कोणाला सांगत नाही, पण करायचाच तर राजगिरा, दाणे आणि दूध यांवर करावा.

लोहाच्या बाबतीत गणित अधिक अवघड आहे. वर सांगितलेल्या शिफारशींत पाळी येत असलेल्या स्त्रीसाठी लोहाचे प्रमाण दिवसाला २९ मिलिग्रॅम धरले आहे, पुरुषासाठी १९. पन्नास ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरीत सुमारे तीन मिलिग्रॅम लोह असते, आणि गुळाचा खडा किंवा खजुराचे दोन दाणे यांनी रक्त वाढते ही समजूत गोड असली तरी त्यांतून मिळणारे लोह फार थोडे असते. शिवाय धान्य-भाजीतले लोह शरीरात शोषले जाते ते थोडकेच, आणि जेवणाला लागूनच चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे तेही आणखी घटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. उलट भाजीवर लिंबू पिळले, ताटात कच्चा टोमॅटो, पेरू किंवा आवळा असला, तर क जीवनसत्त्वामुळे हेच लोह अधिक शोषले जाते. जेवणातला चहा तासभर पुढे ढकलायला पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही, म्हणून व्यग्र आईला मी पहिली गोष्ट हीच सांगते.

गोळ्या ही दुकानदारी आहे, या आपल्या म्हणण्याला मी अर्धी संमती देते. केस, नखे आणि ‘प्रतिकारशक्ती’ यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या रंगीत गोळ्या आणि पावडरी यांवर आईने महिन्याला पैसे घालावेत, असे मला मुळीच वाटत नाही. तपासणीत दिसलेली उणीव भरून काढणे ही मात्र निराळी गोष्ट. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात २० ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी आठवड्याला एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी ठरवलेली आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ती रोज घ्यायची असते. ही गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, तेव्हा तिच्यात कोणाच्या दुकानाचा फायदा शोधणे कठीण आहे. ड जीवनसत्त्वाबाबत मी अधिक सावध आहे. ऊन खिडकीच्या काचेतून आले तर त्यातला उपयोगी अतिनील भाग अडतो, त्यामुळे कार्यालयात दिवस घालवणाऱ्या बाईत त्याची उणीव असणे स्वाभाविक आहे. पण ६०,००० युनिटांची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर घ्यायची असते. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते. ‘ताकद येते’ म्हणून ती रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

बी-१२ बद्दल मात्र मला आपल्याशी थोडे आग्रहाने बोलायचे आहे. ते वनस्पतीजन्य अन्नात नसतेच म्हटले तरी चालेल. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. चहापुरते दूध घेणाऱ्या शाकाहारी बाईला ते कमी पडणे अगदी सहज शक्य असते, आणि वय वाढले की पोटातले आम्ल कमी झाल्याने अन्नातल्या बी-१२चे शोषणही मंदावते. आपण प्रतिक्रियेच्या शेवटी सहज म्हणून लिहिले आहे की हल्ली जिना चढताना दम लागतो, तळपायांना मुंग्या येतात आणि हे सारे वयाचेच आहे. ते कदाचित वयाचे असेलही. मी डॉक्टर नाही. पण बी-१२च्या उणिवेत मुंग्या येतात, मधुमेहातही येतात, आणि बी-१२ची उणीव फार काळ तशीच राहिली तर नसांची हानी कायमची होऊ शकते. दम लागण्यामागे रक्तक्षय असतो तसा हृदयाचा विकारही असू शकतो. तेव्हा वादात कोण जिंकते हे बाजूला ठेवून आपण या आठवड्यातच डॉक्टरांना भेटावे आणि हिमोग्लोबिन, साखर व बी-१२ या तपासण्यांबद्दल विचारावे, अशी माझी विनंती आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवतात, हेही त्यांना विचारून घ्यावे.

घरकाम हाच व्यायाम, हे काही प्रमाणात खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात घरकामही हालचालीत धरले आहे, आणि व्यायाम सलग दहा मिनिटे तरी झालाच पाहिजे ही जुनी अट काढून टाकली आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांतही भरते. ओणवे होऊन फरशी पुसणे, कळशी उचलणे, बाजारातून पिशव्या घेऊन चालत येणे हे सगळे त्यात येते. गॅसपुढे दीड तास उभे राहणे मात्र येत नाही, त्याने फक्त पाय आणि कंबर दुखतात. त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि आपले घरकाम कमी पडते ते इथे. जाते, पाटा-वरवंटा आणि विहिरीचे पोहरे गेले, ते चांगलेच झाले. पण त्यांच्याबरोबर दंड आणि पाठ यांचे कामही गेले. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे एवढे कुकरच्या शिट्या होईपर्यंत उरकते. याला चोचले म्हणायचे असेल तर म्हणावे. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात आणि त्या वेळी हे स्नायूच पडण्यापासून वाचवतात.

राहिला संस्काराचा मुद्दा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे दिसले, आणि घरकाम करणारे पुरुष ९७. वेळ नाही असे आई म्हणते तेव्हा ती सबब सांगत नसते. आपण मुलांना त्याग शिकवण्याचे लिहिता, पण आई शेवटी आणि उरलेले खाते हे रोज पाहणारी मुलगी त्यातून आपली जागा शिकते आणि मुलगा आपला हक्क. ‘आधी स्वतःचे ताट’ याचा अर्थ मुलांना उपाशी ठेवणे असा मी कुठेही लावलेला नाही. सगळ्यांची ताटे एकाच वेळी मांडावीत, तिच्याही वाटीत उसळ आणि दही आधीच वाढलेले असावे, आणि तिने सर्वांबरोबर बसून जेवावे, इतकेच मी लिहिले होते. यात खरी अडचण येते ती तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या गरम पोळीची, कारण ती वाढणारी उभीच राहते. पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या की हा प्रश्न सुटतो. त्या डब्यातल्या पोळीला घरात कोणाची हरकत असेल, तर त्याने खुशाल लाटणे हातात घ्यावे.