गॅस कमी असेल!

एसीमध्ये बर्फ होतोय असं कुणालाही सांगून बघा, समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, "मग चांगलंय की, गार करायलाच घेतलाय ना?" आता या माणसाला कसं समजवायचं की बर्फ मशिनच्या पोटात होतोय आणि आम्ही त्याच्या खाली घामाघूम होतोय, आणि हे दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी चालू आहे.

क्रम ठरलेला. रात्री एसी लावला की पहिला थोडा वेळ एकदम झकास, सगळे खूश. मग हवा बारीक होत जाते. आवाज तेवढाच, रिमोटवरचा आकडा तोच, पण खाली हात धरला तर काहीच लागत नाही. पॅनल उघडून टॉर्च मारला तर कॉइल, म्हणजे जिच्यावरून जाऊन हवा गार होते ती गॅसची वळणावळणाची नळी, पांढरीफेक, अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्या दिसतच नाहीत, आणि बाहेर कॉम्प्रेसर इमानेइतबारे घरघरतोय, मीटर पळतोय. बंद केला की पुढचा अंक सुरू. बर्फ सुटून आतल्या आत धाडकन पडतो, बिचारा तो ट्रे थेंबथेंब पाणी झेलायला केलेला, त्याला एवढा पूर काय झेपणार, मग भिंतीवर ओघळ आणि गादीवर बादली. रात्री दोन वाजता बादलीत टप्प टप्प ऐकत झोपायला फार मोठं मन लागतं, ते आमच्या घरात कुणाकडेच नाही.

मग सल्ले. शेजारच्या काकांनी एसी न बघताच निदान केलं, "गॅस कमी असेल." मेहुणा फोनवर, "गॅस गेला असेल दाजी." ऑफिसात जो एसी वापरतच नाही तो पण म्हणाला गॅस बघ. लोकांच्या डोक्यात एसीचा गॅस म्हणजे सिलिंडरचा गॅस, वापरला की संपतो आणि भरला की झालं. अरे बाबांनो, ती बंद नळी आहे, तोच गॅस वर्षानुवर्षं आत गोल गोल फिरतो, कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय आणि ते भोक शोधल्याशिवाय नुसता भरणं म्हणजे फाटक्या खिशात पैसे टाकणं. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हो ना, म्हणूनच म्हणतोय, भरून घे."

पहिला मेकॅनिक आला तेव्हा कॉइलवर बर्फ होताच. त्याने बाहेरच्या युनिटला गॅसचं प्रेशर मोजायचा गेज लावला, काटा खाली, माझ्याकडे विजयी नजरेने बघून म्हणाला, "गॅस कमी आहे साहेब." आता गंमत बघा, हे मला फार उशिरा कळलं. कॉइलला खोलीची गरम हवा पोचली नाही की आत पातळ होऊन आलेला गॅस नीट उकळत नाही आणि प्रेशर आपोआप खाली येतं. म्हणजे गॅस पुरेसा असला तरी बर्फ धरलेल्या एसीवर गेज लावाल तर काटा कमीच दाखवणार. त्याने पाणी मारून बर्फ काढला, गॅस ठोकला, एसी चालू केला, गार वारा आला, बिल झालं, सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात.

इथेच खरी फसवणूक आहे. या आजारात एसी बंद ठेवून बर्फ वितळवला की कुठलाही इलाज लागू पडतो. गॅस भरा, रिमोटची बॅटरी बदला, नाहीतर समोर उभं राहून शिव्या द्या, पुढचा थोडा वेळ एसी मस्तच चालणार, कारण कॉइल मोकळी झालेली असते. आणि तेवढ्या वेळात मेकॅनिक दोन सिग्नल पार करून गेलेला असतो.

बर्फ परत. आता मी वाचायला बसलो, बायको म्हणाली आता हा इंजिनिअर होणार. एसी मुळात माणसांसाठी निघालाच नव्हता म्हणे. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर बसायचे नाहीत म्हणून. म्हणजे हवेतला ओलावा गार कॉइलवर पकडायचा हे या मशिनचं मूळ काम, आपण मधे झोपतो हा आपला प्रश्न. चांगल्या चालणाऱ्या एसीत कॉइल शून्याच्या थोडी वर असते, ओलावा पाणी होऊन पाइपने बाहेर जातो. कॉइलवरून हवाच कमी गेली तर कॉइल शून्याच्या खाली उतरते आणि तेच पाणी जागेवर गोठतं, मग बर्फामुळे हवा अजून अडते, मग अजून बर्फ. मशिन जास्त गार झालं म्हणून खोली गरम, असा सगळा उलटा कारभार.

फिल्टर बघितला, स्वच्छ. घरात चौकशी झाली तर कळलं की आई झोपताना १६ वर ठेवते आणि आवाज नको म्हणून एसीचा पंखा सगळ्यात हळू. हे बर्फाला आग्रहाचं आमंत्रण आहे असं मी म्हणालो. आमचा एसी साधा, इन्व्हर्टर नाही, १६ ठेवला म्हणून कॉम्प्रेसर काही जोरात पळत नाही, फक्त थांबायचं नाव घेत नाही. "मग १६ दिलंय कशाला रिमोटवर?" आई म्हणाली. याला उत्तर नाही. २४ आणि पंखा फुल केला, बर्फ व्हायला जास्त वेळ लागला, पण झालाच.

कॉइलवर एक छोटा सेन्सर असतो, कॉइल फार गार झाली की कॉम्प्रेसर बंद करायला सांगणारा. दुसरा मेकॅनिक, अगदी कमी बोलणारा पोरगा, त्याने आधी तेच बघितलं. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये सेन्सर खोबणीतून निघून नुसता लोंबकळत होता, खोलीची हवा मोजत, म्हणजे वॉचमन गेट सोडून टपरीवर. त्याने तो परत बसवला. मी म्हणालो, सापडलं! तो म्हणाला, "नाही, याने बर्फ थांबेल, पण होतोय कशामुळे ते वेगळं."

मग त्याने हवा येते त्या फटीतून बोट आत घातलं आणि ब्लोअरवर फिरवलं. बोट काळं. ब्लोअर म्हणजे आतला लांबच लांब पिंपासारखा पंखा, त्याला शेकडो बारीक वळलेल्या पात्या, आणि प्रत्येक पातीच्या पोटात करड्या धुळीचा ओलसर थर इतका घट्ट बसलेला की पातीचं वळणच उरलं नव्हतं. फिल्टर आम्ही नेमाने धुवायचो, ब्लोअर कुणी उघडलाच नव्हता. पंखा फिरत होता पण हवा ढकलत नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आम्ही आपले बाहेर गॅस भरतोय.

ब्लोअर काढून बाथरूममध्ये धुतला, जे पाणी निघालं त्याचं वर्णन करत नाही, कुणी जेवत असेल. मग त्याने आधीचा गॅस काढून बाहेरच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतका काट्यावर मोजून भरला, कारण पहिल्याने अंदाजाने ओतून जास्त केला होता, आणि जास्त गॅस पण तितकाच वाईट.

आता पंखा लावला की पडदा हलतो, कॉइल ओली असते पण पांढरी होत नाही. आईने १६ सोडलेलं नाही. परवा काका येऊन खाली उभे राहिले, चेहऱ्यावर वारा घेत दोन मिनिटं शांत, आणि म्हणाले, "बघ, गॅस भरल्यावर कसा चालला ते."