जुलाब काय फक्त पाण्यानेच होतात? पंचवटीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोविड, फ्लू हे छातीचे आजार, त्यात मी माझ्या लेखात पोट ओढूनताणून आणलं. जुलाब होतात ते पाण्याने, मिसळीने नाहीतर अँटिबायोटिकने. सूनबाईंनाही खोकल्याबरोबर जुलाब लागलेत, ते थांबवायची गोळी चालू आहे, मग लोकांना घाबरवायचं कशाला?

अँटिबायोटिकचं एकदम मान्य. कोविडमध्ये अझिथ्रोमायसिन लोकांनी गोळ्या-बिस्किटांसारखं खाल्लं, आणि त्याने पोट बिघडतंच. पण २००३ सालचं हाँगकाँग बघा. अमॉय गार्डन्स नावाच्या गृहसंकुलात सार्सचे, म्हणजे कोविडच्या विषाणूच्या भाऊबंदाने होणाऱ्या छातीच्या आजाराचे, तीनशेहून जास्त रुग्ण निघाले. सुरुवात ज्याच्यापासून झाली, तो भावाकडे आला होता आणि त्याला जुलाब होत होते. बाथरूमच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारे वाकडे पाइप कोरडे पडलेले. एक्झॉस्ट फॅन लावला की ड्रेनेजमधली हवा विषाणूसकट घरात यायची. तिथे मिसळही नव्हती आणि गोदावरीही नव्हती. जानेवारी २०२० मधला अमेरिकेतला पहिला कोविड रुग्णसुद्धा ताप-खोकल्याबरोबर मळमळ आणि उलट्या घेऊनच दाखल झाला, पुढे त्याच्या शौचाच्या नमुन्यातही विषाणूचा अंश सापडला.

कारण साधं आहे. कोविडचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ या प्रथिनाला धरून, आणि लहान आतड्याच्या अस्तरात ते भरपूर असतं. फ्लूतही लहान मुलं बऱ्याचदा उलट्या करतात.

आता घाबरवण्याबद्दल. जुलाबांना मी घाबरत नाही, बहुतेकांचे चार दिवसांत थांबतात. मी घाबरतो ते दुसऱ्या पोटदुखीला. कोविडमध्ये रक्त गोठण्याकडे झुकतं. क्वचित एखादी गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकते. अशा माणसाचं पोट दाबून पाहिलं तर सुरुवातीला मऊ लागतं, फारसं काही हाताला लागत नाही, आणि माणूस मात्र गुडघे पोटाशी घेऊन तळमळत असतो. हाताला लागतंय त्याहून दुखणं कितीतरी जास्त, हीच खूण. तेव्हा ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन घरी झोपायचं नाही. शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन करायचा, तोही त्याच रात्री, कारण काही तासांत आतडं काळं पडतं आणि मग ते कापून काढावं लागतं. क्वचित घडतं म्हणून लिहायचंच नाही, हे मला पटत नाही.

सूनबाईंचं सांगतो. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल तर ती थांबवायची गोळी आजच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पुरतं एकदमच कालवायचं. ग्लासभर पाण्यात अर्धं-अर्धं नको, त्यात मीठ-साखरेचं प्रमाण चुकतं. लघवी कमी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा प्यायलेलं पाणीही पोटात टिकेना, तर सलाइनसाठी दाखल करा. आणि हो, घरात एकच संडास असेल तर झाकण लावून फ्लश करायला सांगा सगळ्यांना.