एलएमध्ये घर घेताय? खाली अजिबात बघू नका

तर तुम्ही लॉस एंजेलिसमध्ये घर घेताय, अभिनंदन. सगळ्यात आधी ती सॅन अँड्रियासची भीती डोक्यातून काढून टाका. तो फॉल्ट (म्हणजे खडकातली भूकंप घडवणारी भेग) बिचारा डाउनटाउनपासून पन्नासेक किलोमीटर लांब, डोंगरापलीकडे उघड्यावर पडलाय, विमानातूनसुद्धा दिसतो, त्याच्यावर सिनेमे निघतात. जो दिसतो त्याला काय घाबरायचं? आपल्याला घर हवं ब्लाइंड थ्रस्टवर. म्हणजे असा फॉल्ट जो तिरका वर चढत येतो पण जमिनीपर्यंत पोचतच नाही, मधेच खाली संपतो, वर भेग नाही, खूण नाही, फार तर एक छानशी टेकडी वर आलेली असते, आणि टेकडी आली की व्ह्यू आला, व्ह्यूचे पैसे वेगळे.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने १९७२ मध्ये आल्क्विस्ट-प्रायोलो कायदा केला, की जिथे जागता फॉल्ट जमिनीवर फुटतो तिथे राहती इमारत नको, साधारण ५० फूट लांब सरका. आता आपला फॉल्ट जमिनीवर फुटतच नाही, मग सरकायचं कुठून? त्या नकाशात त्याची रेघच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे चांगल्या एरियात मिलियनच्या खाली मिळत नाही.

माझा सल्ला, पुएंते हिल्सवाला फॉल्ट बघा. उत्तर ऑरेंज काउंटीतून निघतो तो थेट डाउनटाउनच्या पोटाखाली, वरचं टोक सुमारे ३ किलोमीटर खोल. लोकेशन म्हणजे एकदम प्राइम, आर्टेशियाची मसाल्याची दुकानंही फार लांब नाहीत. १ ऑक्टोबर १९८७ ला सकाळी ७:४२ ला व्हिटियर नॅरोजला ५.९ चा भूकंप झाला, ८ माणसं गेली, पण तो याच फॉल्टचा उद्योग हे पक्कं कळायला १९९९ उजाडलं, तेही तेल कंपन्यांनी तेल शोधायला जमिनीचे जे फोटो काढले होते त्यांचा आधार घेऊन. (तेलासाठी खाली बघायचं सुचतं. घरासाठी आपण फक्त दार पूर्वेला आहे का ते बघतो, ईशान्येला टॉयलेट आलं तर डील कॅन्सल.)

शास्त्रज्ञ म्हणतात गेल्या ११ हजार वर्षांत याने किमान चार मोठे धक्के दिलेत, ७.२ ते ७.५ चे. अहो, ११ हजार वर्षांत चार! आपलं मॉर्गेज ३० वर्षांचं. २००५ मध्ये हिशोब मांडला तर असा भूकंप झाल्यास ३ हजार ते १८ हजार मृत्यू असा आकडा आला, पण एवढी मोठी रेंज बघितली की माणसाला वाटतं यांनाच नक्की माहीत नाही, आणि झोप छान लागते.

जमीन कशी आहे विचारू नका. एलएचं बेसिन म्हणजे खडकाची खोलगट परात आणि तिच्यात काही किलोमीटर जाडीचा गाळ. डब्याला धक्का लागल्यावर खरवस कसा थुलथुलत राहतो, तसं. हादरा थांबला तरी शहर थांबत नाही.

कुणी १७ जानेवारी १९९४ काढलंच तर विषय बदला. नॉर्थरिज, ६.७, पहाटे साडेचार, आणि फॉल्ट असा की आधी कुठल्याच नकाशात नव्हता. साधारण ५७ माणसं गेली. सुट्टीचा सोमवार होता म्हणून फ्रीवे रिकामे होते, नाहीतर सँटा मोनिका फ्रीवेचे पूल कोसळले तेव्हा काय झालं असतं कोण जाणे. एका अपार्टमेंटमध्ये वरचे मजले तळमजल्यावर बसले, १६ जण तिथेच. खाली पार्किंगसाठी पोकळ, वर घरं, आपल्या पुण्यातल्या स्टिल्ट पार्किंगसारखंच काहीसं, तेव्हा तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल. अशा हजारो इमारतींना खालून मजबूत करा असं एलए शहराने २०१५ मध्ये सांगितलं, म्हणजे अवघ्या २१ वर्षांत. त्या पहाटे लाइट गेल्यावर आकाशात हे विचित्र काय दिसतंय म्हणून लोकांनी ग्रिफिथ ऑब्झर्व्हेटरीला फोन केले होते. ते नुसते तारे होते.

त्याच्या साडेतीन महिने आधीच किल्लारी झालं होतं. तो भागही तेव्हाच्या नकाशात झोन एक, सगळ्यात कमी धोक्याचा. असो.

इन्शुरन्स? नॉर्थरिजनंतर कंपन्यांनी असे हात वर केले की १९९६ मध्ये राज्याला वेगळी अथॉरिटी काढावी लागली. पॉलिसी घ्या, पण १५ टक्के डिडक्टिबल असेल तर ६ लाख डॉलरच्या घरावर पहिले ९० हजार तुमचेच. म्हणून बहुतेक जण घेतच नाहीत, आणि तुम्ही काय बहुतेकांपेक्षा शहाणे आहात का?

एक गोष्ट मात्र मी खरंच केली होती, काचा फुटतात म्हणून बेडखाली बूट आणि टॉर्च ठेवायला सांगतात, तसं ठेवलं. मग आई आली सहा महिन्यांसाठी. दुसऱ्या दिवशी बूट दाराबाहेर रॅकमध्ये, टॉर्च देवघरात, आणि वर मलाच, "झोपायच्या खोलीत पायताणं? घराला काय होईल काही कळतं का तुला?"