मुलींमुळे निकष घसरले? पेडण्याच्या मैदानावरून उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज गोव्यातल्या बहुतेक ग्रुपांवर फिरतोय. मला तो सहा जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याच मैदानावर पळून सैन्यात गेलेले. मजकूर थोडक्यात असा: एनडीएत, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींना घेतलं आणि त्यांच्यासाठी परीक्षा सोपी केली, उंची कमी केली, धावायला जादा वेळ दिला. अमेरिकेने आपल्या सैन्याच्या खडतर रेंजर प्रशिक्षणात हेच केलं. आणि शत्रू काही बाई म्हणून सवलत देणार नाही.

मी पेडण्यात बारा वर्षं पोरांना भरतीसाठी तयार करतोय. आता मुलीही येतात. त्यांच्या आईवडिलांच्या फोनवरही हा मेसेज पोचला आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

परीक्षा सोपी केली, हे साफ खोटं. सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश ऑगस्ट २०२१ मध्ये आला आणि १४ नोव्हेंबर २०२१ ला मुली पहिल्यांदा एनडीएच्या परीक्षेला बसल्या. पेपर मुलांचाच. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, पुढे एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचे ९००. त्या वेळी पावणेसहा लाख अर्ज आले, त्यातले सुमारे १ लाख ७७ हजार मुलींचे. एकूण ४०० जागांपैकी मुलींसाठी होत्या १९. म्हणजे एका जागेमागे नऊ हजारांवर मुली, आणि मुलांकडे हाच हिशेब हजाराच्या आसपास. त्या यादीत मुलींमध्ये पहिली आलेली मुलगी सगळ्या देशात, मुलं धरून, दहावी होती. अर्ज भरणारा प्रत्येक जण तयारीचा असतो असं मी म्हणत नाही, मुलांचंही तेच. पण ‘सोपा दरवाजा’ याला कोण म्हणेल?

उंचीचा मुद्दा मात्र नीट बघू, कारण इथे आकडा खरा आहे आणि त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. एनडीएला मुलांसाठी किमान १५७ सेंटीमीटर, मुलींसाठी १५२. बरोबर. पण गोरखा, ईशान्येकडच्या डोंगराळ भागातले, गढवाल-कुमाऊंचे मुलगे १५२ वरच घेतले जातात. ही सूट मुली येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. गोरखा पलटणींमुळे सैन्याचा दर्जा घसरला, असा मेसेज कुणी पाठवला आहे का? पाठवायची हिंमत तरी होईल का?

एवढ्या लांबही जायला नको. आम्ही पळतो त्या मैदानाला लागून व्हरांडा आहे, त्याच्या खांबावर मी दोन रेघा ओढल्यात. तांबडी १६६ वर, निळी १६८ वर. शिपाई जीडीच्या (जनरल ड्यूटी, म्हणजे साधा शिपाई) भरतीला गोव्याचा मुलगा दक्षिण विभागात धरतात, त्याला १६६ पुरतात. किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्याला गेलात की महाराष्ट्र लागतो, तिथे १६८. नदी एक, जेवण एक, कितीतरी घरांत सोयरीकसुद्धा. माझ्याकडे आरोंद्याचा एक पोरगा यायचा, १६७ चा. सगळ्या पोरांत जोरात पळायचा. निळ्या रेघेखाली टाचा जमिनीला टेकवून उभा राहायचा आणि डोकं खांबाला घासून बघायचा, आज तरी पोचलो का म्हणून. पोचला नाही. त्याच्या शेजारी उभा राहणारा पेडण्याचा मुलगा त्याच्याहून बुटका होता, तो आज फौजेत आहे आणि चांगलं नाव काढतोय. उंचीची रेघ देशातल्या निरनिराळ्या माणसांच्या बांध्याची सरासरी बघून ओढलेली असते. शौर्य मोजायचं ते माप नव्हे. हे पुरुषांच्या बाबतीत सगळ्यांना पटतं, मग मुलींच्या बाबतीत का अडतं?

धावण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा आहे म्हणूनच लोकांना पटतो. अग्निवीर भरतीत मुलांना १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत काढलं तर पूर्ण ६० गुण. महिला मिलिटरी पोलिससाठी पहिल्या, म्हणजे सर्वांत वेगवान गटाची वेळ ७ मिनिटं ३० सेकंद. फरक आहे, लपवायचं कारण नाही. पण २०२५ पासून मुलांच्या धावेतही आणखी दोन गट वाढवले आणि ६ मिनिटं १५ सेकंदांत येणाऱ्यालाही गुण मिळू लागले, त्याआधी ५ मिनिटं ४५ सेकंदांनंतर मुलगा बाद व्हायचा. तेव्हा एकही मेसेज आला नाही. निकष बदलला की त्रास होतो, असं नाही. तो कुणासाठी बदलला यावर त्रास ठरतो.

धाव मोजते काय? शरीरात दम किती आणि तो वाढवता येईल का, एवढंच. ती गाळणी आहे. पुढे प्रशिक्षणात बंदूक, नकाशा, पाठीवरचं वजन, रात्रीची चाल हे सगळं येतं, ते प्रत्यक्ष काम. माझं मत स्पष्ट आहे: कामाची चाचणी सगळ्यांना एकच हवी. जखमी साथीदाराला ओढून आणायचं असेल तर त्याचं वजन ओढणारा कोण हे बघून बदलत नाही. ही चाचणी कुणी चोरून सैल केली तर पहिला ओरडणारा मी असेन. पण गाळणीचा तक्ता दाखवून ‘काम सैल झालं’ म्हणणं ही दिशाभूल आहे.

माझ्याकडची एक मुलगी, तोरशाकडून बापाच्या स्कूटरवर येते. गेल्या महिन्यात तिची वेळ ६ मिनिटं ४० आली. ७.३० पुरतात हे तिला ठाऊक आहे. तरी रेषा ओलांडल्यावर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत तिने विचारलं, “सर, मुलग्यांची वेळ किती उरली?” मी म्हटलं, शेवटच्या गटाला पंचवीस सेकंद. ती पाणी प्यायली आणि परत रेषेवर गेली.

रेंजरबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये त्या प्रशिक्षणात १९ महिला उतरल्या. प्रवेशाची चाचणी तीच होती: ४९ पुशअप, ५९ सिटअप, ६ चिनअप, ५ मैल ४० मिनिटांत. ऑगस्टमध्ये दोघीच पार झाल्या आणि त्यांना पहिला टप्पा पुन्हा करावा लागला होता. ‘पुन्हा संधी दिली’ यावरच बोट ठेवतात, पण टप्पा पुन्हा करणं हा तिथला जुना नियम आहे आणि पुरुषही तसेच पार होतात. सवलतच द्यायची होती तर १९ पैकी १७ जणी ऑगस्टपर्यंत मागे का राहिल्या?

राहिला शत्रू. गोव्याच्या माणसाने तरी हे वाक्य पुढे ढकलायला नको होतं. दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ ही शिडाची नौका अवघी १७ मीटर लांब. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी ती घेऊन मांडवीच्या मुखातून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला इथेच परतल्या. वाटेत केप हॉर्न होतं, दक्षिण अमेरिकेचं खवळलेल्या समुद्राचं टोक. २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच नौकेवर दोघीच निघाल्या, २९ मे २०२५ ला परत आल्या. शीड फाटलं तर एकीने शिवायचं, तोवर दुसरीने सुकाणू धरायचं, झोप आळीपाळीने. दक्षिण महासागरात महिलांसाठी वेगळी लाट नसते.

दाबोळीला नौदलाच्या हंसा तळावर विमानवाहू नौकेच्या डेकसारखी छोटी धावपट्टी जमिनीवर बांधली आहे. उतरताना विमानाचा हुक तारेत अडकला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये नौदलाने पहिल्यांदा एका महिलेला लढाऊ वैमानिकाच्या शाखेत घेतलं. तारेपर्यंत पोचण्याआधी अजून पुष्कळ शिक्षण आहे, आणि तिच्यासाठी कुणी डेक लांब करणार नाही.

मेसेज पाठवणाऱ्या सहांपैकी एक जण सध्या रजेवर गावी आला आहे. त्याला मी काल फोन केला. म्हटलं, उद्या पहाटे साडेपाचला मैदानावर ये, घड्याळ तुझ्या हातात देतो, तोरशाच्या त्या मुलीची वेळ तू घे.

येतो म्हणाला.